सांगली-मिरज रोडवरचं जुन्या गाड्यांचं गॅरेज: काम एक नंबर, पण घाई असेल तर जाऊ नका

नाव टाकत नाहीये, आधीच सांगतो. गॅरेजच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी, सगळे त्यांना चाचा म्हणतात, स्वतः बजावलंय की "लिहायचं ते लिही, पण नाव आन फोन नको टाकू, हाय त्याच गाड्या उरकंनात." तसाही तिथं बोर्ड नाहीच. विश्रामबाग मागं टाकून मिरजेच्या बाजूला निघालात की एका बोळाच्या तोंडाशी बोनेट उघडं टाकलेली पांढरी अँबॅसिडर दिसते, ती कायम तिथंच असते कारण मालकाकडून पैसे यायचेत, तिथून आत वळायचं. नाहीच सापडलं तर शंभर फुटी रोडला कुठल्याही स्पेअर पार्टवाल्याला विचारा फियाट कोण करतं, बरोबर पाठवतील.

मला जुन्या गाड्या हेरायचा नाद आहे, म्हणजे चालत्या रस्त्यावरच्या. मुंबईत नोकरीला होतो तेव्हा सुट्टीच्या दिवशी दादर पारशी कॉलनी, फोर्ट, बॅलार्ड इस्टेट असं उगाच भटकायचो, झाडाखाली कव्हर घालून उभी असलेली गाडी दिसली की खालून दिसणारा टायर आणि व्हीलकॅप बघून ओळखायची आत कोण आहे ते. रॅलीतल्या गाड्या मी धरत नाही. ट्रेलरवरून आणायची, पॉलिश मारायची, चार किलोमीटर चालवायची, फोटो काढायचे आणि परत ट्रेलरवर चढवायची, त्यात काय हेरायचं? सिग्नलला शेजारी येऊन थांबलेली, मागच्या सीटवर भाजीची पिशवी टाकलेली पद्मिनी (प्रीमियर पद्मिनी, लोक हिलाच फियाट म्हणतात), ती खरी. (कोल्हापूरच्या दसऱ्याला निघणारी राजघराण्याची जुनी मेबॅक गाडी हा वेगळा विषय आहे, तिथं हात जोडायचे आणि गप उभं राहायचं.)

आता मुंबईत तेही राहिलं नाही म्हणा. काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी संपलीच. ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळं ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही नाही. एवढ्या मोठ्या शहरात जी गाडी एकेकाळी हेरायला डोळेसुद्धा लागत नव्हते ती आता दिसली तर लोक मोबाईल काढतात. आणि जी काही प्रायव्हेट नंबरवर अजून फिरताना दिसते ना, त्या प्रत्येक गाडीमागं कुठल्या तरी बोळात एक म्हातारा मिस्त्री असतोच. मालक हौशी आहे, पैसेवाला आहे याला काही अर्थ नाही, पॉइंट (प्लगची ठिणगी वेळेवर पाडणारा स्विच) सेट करणारा माणूस मेला की गाडी कव्हरखाली गेलीच म्हणून समजा. आमच्या सांगली-मिरजेत तसा माणूस अजून आहे म्हणून हा रिव्ह्यू.

गॅरेज म्हणजे पत्र्याचं शेड, आत दोन गाड्या मावतात, बाकी सगळ्या बाहेर कडुलिंबाखाली. मी गेलो तेव्हा काय काय उभं होतं सांगतो, हेरणाऱ्याला तीर्थच आहे ते. दोन पद्मिनी, एक जुनी क्रोमची जाळीवाली आणि एक नंतरची प्लास्टिकच्या जाळीवाली, एक काँटेसा, एक प्रीमियर ११८ एनई, आणि कोपऱ्यात चिंध्या आणि रिकामे ऑइलचे डबे ठेवलेली पहिल्या पिढीची मारुती ८००. डिसेंबर १९८३ ला जी आली ती, चौकोनी, एसएस ८०. १९८६ ला जी गोलसर आली तीच बहुतेकांच्या डोक्यात ८०० म्हणून बसलीय, त्यामुळं ही दिसली तरी लोक शेजारनं निघून जातात. ११८ एनईचंही तसंच, लोक ढोबळमानानं फियाट म्हणतात पण ती १९८५ ची, अंग फियाट १२४ चं आणि आत निसानचं इंजिन, त्या काळात पद्मिनीवरून हिच्यात बसलेल्या माणसाला विमानात बसल्यासारखं वाटायचं असं माझे एक काका अजून सांगतात. काँटेसा म्हणजे हिंदुस्तान मोटर्सची, १९८४ ते २००२, मूळ विलायतेतली व्हॉक्सहॉल. इथली काँटेसा एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरची आहे, डिकीत अजून हळदीचा वास येतो, खोटं वाटत असेल तर उघडून बघा.

पण सगळ्यात भारी म्हणजे स्टँडर्ड हेरल्ड. मद्रासला बनायची, १९६१ पासून साधारण दहा वर्षं. रस्त्यावर मी आयुष्यात फार थोड्या बघितल्यात आणि मुंबईतसुद्धा त्या दिसायच्या त्या कव्हरखालीच. हिचं बोनेट आपल्यासारखं नुसतं झाकण नसतं, पुढचे मडगार्ड, दिवे सगळं मिळून अख्खं तोंडच पुढं कलंडतं, मग इंजिनभोवती चाकावर बसून काम करता येतं. चाचा टायरवर बूड टेकून चहा पीत पीत तिचे टॅपेट लावत होते. मी तासभर तिथंच उभा, माझ्या गाडीचं सांगायचं राहूनच गेलं.

माझी गाडी म्हणजे वडिलांनी घेतलेली पद्मिनी, १९८६ ची, नंबर अजून तीन अक्षरी, म्हणजे एमएच १० वगैरे सुरू व्हायच्या आधीचा. हेरणाऱ्यांसाठी ही सगळ्यात सोपी खूण, तीन अक्षरं दिसली की थांबायचं. तक्रार अशी की गाडी गार असताना झकास, पण गरम झाली की चढाला धाप टाकायची आणि उन्हात थांबवली की परत स्टार्टच व्हायची नाही. आधी एका चकाचक वर्कशॉपला नेली होती, नाव कशाला घ्या, काचेचं केबिन, एसी, कॉफी मशीन. तिथल्या पोरानं हातात स्कॅनर घेऊन डॅशबोर्डच्या खाली वाकून पाच मिनिटं शोधलं आणि मला विचारतो, "सर, याचं पोर्ट कुठं आहे?" मी म्हणलं बाळा, ही तुझ्या वडिलांच्या वयाची आहे. तरीपण त्यांनी इन्स्पेक्शन चार्ज घेतलाच आणि रिपोर्टमध्ये लिहून दिलं "पार्ट्स नॉट अव्हेलेबल".

चाचांनी गाडी चालवलीसुद्धा नाही. स्टार्ट केली, पाच-दहा मिनिटं तशीच चालू ठेवली, गाडीतल्या पेट्रोल पंपाला, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनला ओढून देतो त्याला, बोट लावलं, पोराकडनं ओलं फडकं मागवून पंपावर टाकलं, आणि बंद पडत आलेली गाडी सुधारली. व्हेपर लॉक. पेट्रोल पंपातच गरम होऊन वाफ धरतं आणि मग कार्ब्युरेटरला (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देतो तो) पोचत नाही, जुन्या फियाटवाल्यांना हे पाठ असतं, पूर्वी घाट चढताना पंपाला ओलं फडकं गुंडाळूनच लोक निघायचे. पण एवढ्यावर ते थांबले नाहीत हे महत्त्वाचं. पंप खोलला, आतला डायफ्रॅम काढून माझ्या हातात दिला, कडेला फुगलेला आणि मधे बारीक चिरा. "हे बघ, पेट्रोलनं खाल्लंय." आता गाडीत भरायला २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, त्या इथेनॉलला जुन्या काळचं रबर टिकत नाही, पाइप, डायफ्रॅम, कार्ब्युरेटरमधली पॅकिंगं सगळं हळूहळू जातं. म्हणजे बघा, ऊस आपल्याच जिल्ह्यातला, इथेनॉल आपल्याच कारखान्यांचं आणि फाटला पण आपलाच डायफ्रॅम. चाचांनी सगळे पेट्रोलचे पाइप इथेनॉलला टिकणारे टाकले आणि पंपाचं किटही तसलंच बघून मागवलं. जुनी कार्ब्युरेटरची गाडी असेल तर हे काम आजच करून घ्या, पाइप गळून गरम इंजिनवर पेट्रोल पडलं तर काय होतं ते सांगायला नको.

मग कार्ब्युरेटर. खोलून धुतला, जेट (पेट्रोल यायची बारीक भोकं) फुंकले, बसवला. गाडी स्टार्ट करून रेस वाढवली आणि कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात ठेवून क्षणभर दाबून धरला, इंजिन घुसमटतं, हात काढला की परत उसळतं, असं दोन-तीनदा. त्यानं जेटमध्ये अडकलेला उरलासुरला कचरा ओढला जातो. मग स्क्रू ड्रायव्हरनं मिक्श्चरचा स्क्रू अगदी पाव पाव फिरवत गेले, मान वाकडी करून ऐकत, आणि मधेच पोरावर ओरडले की रेडिओ बंद कर. शेवटी स्वतः गाडी चालवून आणली आणि गरम प्लग काढून दाखवला. काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर कमी, माझा मारी बिस्किटाच्या रंगाचा आला तेव्हा कुठं म्हणाले "आता ने." पॉइंट आणि कंडेन्सर नवीन टाकले ते वेगळं. जुने पॉइंट मला परत दिले, आणि ही गोष्ट मला आवडली, काढलेला प्रत्येक पार्ट ते एका डब्यात घालून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवतात, बदलला की नाही ही शंकाच नको.

"आता ने" म्हणाले खरं पण त्याच दिवशी दिली नाहीच. चालवून आणताना त्यांनी ब्रेक दाबून बघितला होता. पद्मिनीला चारी चाकांना ड्रम ब्रेकच, पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेकचा सिलिंडर गळत होता. मी म्हणलं पुढच्या महिन्यात बघू, तर चावी खिशात घातली. "पळायचं नंतर, थांबायचं आधी." मला जरा राग आला होता, परस्पर काम वाढवतात असं वाटलं, पण ड्रम काढल्यावर आतला लायनर तेलानं भिजलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. चारी चाकांची किटं आणि मास्टर सिलिंडर झाला. आता ब्रेक सरळ लागतो, आधी डावीकडं ओढायचा आणि इतकी वर्षं मी तो गाडीचा स्वभाव समजत होतो.

पार्ट कुठून येतात हा सगळ्यांचा प्रश्न असतो. थोडे शंभर फुटी रोडलाच मिळतात, बाकी पुण्याची नाना पेठ, आणि काही कुर्ल्याच्या स्क्रॅपवाल्यांकडनं ट्रॅव्हल्सनं येतात. जे कुठंच मिळत नाही ते बनवून घेतात, माझ्या आधीच्या गाडीच्या किंग पिनच्या बुशा कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर करून आणल्या होत्या आणि बसवताना माप एकदाच लागलं. मोठ्या शहरात हेच काम स्पेशालिस्ट करतो आणि "रिस्टोरेशन" म्हणून लाखात बिल लावतो. इथं त्याला फक्त रिपेरी म्हणतात.

आणि एक मजा सांगतो. ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ला काढली ती वालचंद हिराचंद यांनी, कुर्ल्याला कारखाना. आणि विश्रामबागेत वालचंद कॉलेज आहे ते त्यांच्याच नावाचं. म्हणजे ज्यांच्या कंपनीची गाडी त्यांच्याच नावाच्या कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर अजून उघडली जाते, आणि मेकॅनिकलची पोरं बाइकवरून तिथून रोज जातात, एकसुद्धा आत डोकावत नाही. मी चाचांना म्हणलं कॉलेजला कळवा, प्रॅक्टिकलला पाठवतील पोरं. ते म्हणाले, "नको बाबा, पाने घिऊन जात्यात."

महापुराचं पण ऐकण्यासारखं आहे. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५, म्हणजे विचार करा. गावभागात, खणभागात पार्किंगमधल्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या. नव्या गाड्यांचं वायरिंग आणि कॉम्प्युटर गेले, कितीतरी गाड्या इन्शुरन्सवाल्यांनी टोटल लॉस धरल्या. चाचा सांगतात की त्यांच्याकडं ओढून आणलेल्या फियाट, अँबॅसिडरचं इंजिन ऑइल, गिअर ऑइल सगळं काढून, प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी हातानं फिरवून बाहेर काढलं, डायनॅमो, स्टार्टर उन्हात वाळवले, आणि एकेक करून गाड्या परत बोलायला लागल्या. सीटा मात्र सगळ्या फेकाव्या लागल्या. मी यातली एक पद्मिनी आता मार्केट यार्डाकडं नेहमी बघतो, दाराच्या आतल्या पत्र्यावर गाळाची रेघ अजून दिसते.

आता वाईट बाजू, कारण नुसतं गुणगान म्हणजे रिव्ह्यू नव्हे.

वेळ पाळत नाहीत. "परवा" म्हणाले तर पुढचा आठवडा समजा, आणि पुढचा आठवडा म्हणाले तर लग्नसराई उलटू दे. फोन उचलत नाहीत, उचलला तर हेल्पर पोरगं उचलतं आणि "चाचा नमाजला गेल्यात" नाहीतर "जेवायला गेल्यात" एवढंच सांगतं. छापील बिल मिळत नाही, सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर आकडे लिहून देतात, कंपनीत क्लेम करणाऱ्यांनी लक्षात घ्या. गाडी बाहेर उभी राहते, झाडाचा चीक आणि पक्ष्यांची कृपा टपावर, स्वतःचं कव्हर न्या. पोरं सीटवर काळे हात घेऊन बसतात, त्यावर जुनी चादर टाकूनच गाडी द्या. पेंटचं काम तर अजिबात देऊ नका, ते स्वतः करत नाहीत, ज्याच्याकडं पाठवतात त्यानं एका पद्मिनीला डाव्या बाजूला एक पांढरा आणि उजव्या बाजूला दुसरा पांढरा मारलेला मी बघितलाय, उन्हात उभी केली की दोन गाड्या जोडल्यासारख्या दिसतात.

आणि चाचा हट्टी आहेत. पद्मिनीत दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून द्या, एसी लावून द्या म्हणलं की सरळ नाही. एक जण माझ्यासमोर डिझेल इंजिन बसवायचं म्हणून आला होता, त्याला म्हणाले "मग डिझेल गाडीच घे की, हिला का मारतोस." काही लोकांना हा उर्मटपणा वाटतो. मला विचाराल तर चाळीसेक हॉर्सपॉवरच्या गाडीवर एसीचं ओझं टाकायचं आणि नंतर चढ चढत नाही म्हणून बोंबलायचं, त्यापेक्षा काच खाली करा, तिला पुढं तिकोनी काच दिलीय ती कशासाठी? ती जरा फिरवली की वारा थेट छातीवर येतो.

कागदपत्राचं ते काही करत नाहीत, ते आपलं आपण. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी पास करून आरसी रिन्यू करायची, वर पर्यावरण कर. एप्रिल २०२२ पासून कारची रिन्यूअल फी ६०० वरून ५००० झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारला १०,००० केली, म्हणजे हौसेला मोल आहे आणि ते सरकार वसूल करतंय. पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, २०२१ चा नियम आहे, दहा वर्षांची नोंदणी आणि नंबरात व्हीए येतं, पण मग ती रोज रस्त्यावर फिरवता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्या कामालाच. माझं मत, गाडी चालवायची असेल तर या भानगडीत पडू नका, साधं पासिंग चालू ठेवा. पासिंगच्या आधी चाचांकडं नेलीत तर हॉर्न, वायपर, इंडिकेटर, हँडब्रेक एवढं ते न सांगता बघतात.

पैशाचं बोलायचं तर वाजवी. माझं पंपाचं किट, पाइप, कार्ब्युरेटर सर्व्हिस, पॉइंट, कंडेन्सर, प्लग, चारी चाकांचे ब्रेक आणि मास्टर सिलिंडर, मजुरी धरून साडेअकरा हजारात झालं. निम्मे पैसे आधी द्यावे लागतात, पार्टसाठी. घासाघीस करू नका, कमी करत नाहीत, फक्त पुढच्या वेळी तुमची गाडी रांगेत मागं जाते.

सांगलीबाहेरच्यांनी, म्हणजे सातारा, कराडकडच्यांनी गाडी चालवत आणायची तर सकाळी लवकर निघा, उन्हात व्हेपर लॉकचा त्रास असेल तर वाटेतच अडकाल, आणि एक बाटली पाणी आणि फडकं सोबत ठेवा. सोमवारी बंद. दुपारी जेवणानंतर चाचा हेरल्डच्या शेजारच्या बाजेवर झोपतात तेव्हा उठवू नका. ती हेरल्ड सध्या बोनेटच्या एका कडीसाठी अडलीय, दाराच्या पुढं बाजूला असते ती, डावी. मुंबईत, पुण्यात कुणी भंगारात हेरल्ड बघितली असेल तर आधी ती कडी काढून घ्या, पैसे चाचा देतील.